घरच्या नेटवर्कवर कॉम्प्युटर डोमेन सोडतो तेव्हा नक्की काय बिघडलेलं असतं

इंटरनेट चालू असतं, वायफायच्या दांड्या फुल असतात, सर्व्हरला पिंग पण जातो, म्हणजे हाक मारली की तो ओ देतो, आणि तरी पीसी म्हणतो डोमेन, म्हणजे सगळ्यांची सर्व्हरवरची एकत्र नावनोंदणी, सापडत नाही. ज्यांच्या घरी छोटा सर्व्हर आहे, मग ते घरूनच चालणारं ऑफिस असो नाहीतर सर्व्हर शिकायला म्हणून जुन्या पीसीवर मांडलेला सेटअप असो, त्यांना हे कधी ना कधी भेटतंच. आणि बहुतेक ठिकाणी मी एकच इलाज बघितलाय, पीसी डोमेनमधून काढायचा, वर्कग्रुपमध्ये, म्हणजे सुटा, टाकायचा, रिस्टार्ट मारायचा, परत डोमेनला जोडायचा. दोन दिवस बरं चालतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा काढा-जोडा प्रकार सगळ्यात शेवटी करा, कारण दहातल्या आठ वेळा पीसी आणि डोमेनचं नातं शाबूत असतं, पीसीला फक्त सर्व्हरचा पत्ता सापडत नसतो.

आमच्या घरचंच सांगतो. नाशिकला खालच्या मजल्यावर वहिनींचं जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं काम चालतं, चार पीसी आणि जिन्याखालच्या कपाटात एक सर्व्हर, त्यावर सगळ्यांच्या फाईली. मागच्या जुलैमध्ये ब्रॉडबँडवाल्याने राउटर बदलून दिला, इंटरनेट आधीपेक्षा फास्ट झालं, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा आवाज, "भाऊजी, जरा खाली या हो, हिला आतच घेत नाहीये." त्यांच्याकडे काम करणारी मुलगी त्या दिवशी पहिल्यांदाच खिडकीजवळच्या पीसीवर बसली होती आणि स्क्रीनवर तो इंग्रजी मेसेज, तुमचा डोमेन उपलब्ध नाही म्हणून साइन इन करता येत नाही. वहिनी स्वतः मात्र त्यांच्या पीसीवर आरामात लॉगिन झालेल्या, फक्त त्यांच्या एस ड्राइव्हवर, म्हणजे सर्व्हरवरच्या फाईलींच्या शेअर ड्राइव्हवर, लाल फुली. म्हणून सगळ्यांचा समज असा झाला की खिडकीजवळचा पीसी बिघडलाय.

इथे पहिली गोष्ट समजून घ्यायची. विंडोज डोमेनच्या युजरचं लॉगिन पीसीवर जपून ठेवतो, म्हणजे पासवर्ड नाही तर त्याचा एक पडताळा. सर्व्हर सापडला नाही तरी आधी कधीतरी त्या पीसीवर बसलेला माणूस या जपलेल्या पडताळ्यावर आत जातो. नवा माणूस जात नाही कारण त्याचं काहीच जपलेलं नसतं. डिफॉल्ट १० जणांचं लॉगिन जपलं जातं, दहा वेळचं नव्हे, दहा वेगवेगळ्या युजरचं, यात लोक फार गोंधळतात. तर वहिनी आत गेल्या याचा अर्थ त्यांचा पीसी डोमेनशी बोलत होता असा अजिबात नव्हता, चारही पीसी सकाळपासून डोमेनला मुकलेले होते आणि कळलं फक्त एकावर. त्यामुळे "लॉगिन झालं म्हणजे डोमेन आहे" ही खूण धरू नका, शेअर ड्राइव्ह उघडतो का ते बघा.

आता डोमेन म्हणजे काय ते थोडक्यात. नुसत्या वर्कग्रुपमध्ये प्रत्येक पीसी आपापला मालक, युजर-पासवर्ड ज्याचे त्याच्याकडे. डोमेनमध्ये सगळ्यांची नावनोंदणी एका सर्व्हरवर असते, त्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात आणि त्या वहीला ऍक्टिव्ह डिरेक्टरी, मायक्रोसॉफ्टने ती विंडोज २००० बरोबर आणली आणि आजही पाया तोच आहे. या वहीत माणसांचीच नाही तर कॉम्प्युटरचीही नोंद असते, प्रत्येक पीसीचं स्वतःचं खातं आणि त्या खात्याचा स्वतःचा पासवर्ड, जो आपल्याला कधी दिसत नाही. पीसी सुरू झाला की त्याला तीन गोष्टी जमाव्या लागतात, सर्व्हर कुठे आहे ते शोधणं, सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळणं, आणि मी तोच नोंदवलेला पीसी आहे हे आपल्या पासवर्डने पटवणं. बिघाड या तिन्हीपैकी कशात आहे ते ठरवलं की अर्धं काम झालं, आणि घरच्या नेटवर्कवर तो जवळजवळ नेहमी पहिल्यात असतो.

का, तर घरचा राउटर. ऑफिसात डीएनएस कोणी द्यायचं हे ठरलेलं असतं. घरी राउटर बसला की तो सगळ्यांना सांगतो, पत्ते मला विचारा. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, हे बहुतेकांना माहीत असतं, पण डोमेनसाठी ती नुसता पत्ता सांगत नाही, "ऑफिस.लोकल या डोमेनचा कंट्रोलर कोण आणि कुठल्या पोर्टवर (म्हणजे त्याच्या कुठल्या दारावर)" अशी वेगळी नोंद ठेवते, तिला एसआरव्ही रेकॉर्ड म्हणतात. ही नोंद फक्त तुमच्या सर्व्हरवरच्या डीएनएसमध्ये असते. राउटरकडे नसते, ब्रॉडबँडवाल्याकडे नसते, ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएसकडे तर नसतेच नसते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कुठे राहतात हे आपल्या सोसायटीच्या वॉचमनला माहीत असतं, स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला सगळं नाशिक पाठ असलं तरी काकू माहीत नसतात, तसंच हे.

आणि इथेच ती चूक होते जी मी स्वतः शिकवणाऱ्या माणसांनाही करताना बघितलीये. प्रायमरी डीएनएस म्हणून सर्व्हर टाकतात आणि सेकंडरी म्हणून ८.८.८.८, हेतू चांगला असतो, सर्व्हर बंद पडला तर निदान इंटरनेट चालू राहावं. पण सेकंडरी म्हणजे "पहिल्याला माहीत नसेल तर दुसऱ्याला विचार" असं नसतं. पहिल्याने वेळेत उत्तरच दिलं नाही तर विंडोज दुसऱ्याकडे जातो, आणि दुसरा म्हणाला की असं नावच नाही, तर ते उत्तर म्हणून पक्कं धरतो, पुन्हा पहिल्याला विचारत बसत नाही, उलट ते "नाही" थोडा वेळ लक्षातही ठेवतो. सर्व्हर अपडेटसाठी दोन मिनिटं रिस्टार्ट झाला, तेवढ्यात एखादा पीसी ८.८.८.८ कडे वळला की सर्व्हर परत आला तरी तो पीसी भलतीकडेच विचारत राहू शकतो. कधी चालतं कधी नाही, आज हा पीसी उद्या तो, रिस्टार्ट केलं की बरं होतं, अशी तक्रार असेल तर पहिला संशय या सेकंडरीवर घ्या. डोमेनमधल्या पीसीला डीएनएस म्हणून फक्त आपला सर्व्हर द्यायचा, बाकी कोणीही नाही. बाहेरच्या वेबसाइटचे पत्ते सर्व्हर स्वतः बाहेर विचारून देतो, त्यासाठी सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर नावाची जागा आहे, तिथे टाका ८.८.८.८.

वहिनींकडे मी गेलो तेव्हा अर्थात पहिलं हेच बघितलं. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना नेहमीचंच इंग्रजी स्पेलिंग.) पीसीचा पत्ता १९२.१६८.१.२३, डीएनएस १९२.१६८.१.१०, तो आमच्या सर्व्हरचा, म्हणजे एकदम बरोबर, कारण चारही पीसीवर तो मीच हाताने टाकून ठेवलेला. सर्व्हरला पिंग केला, चारही उत्तरं एक मिलिसेकंदाच्या आत. वहिनी मागे उभ्या, २० तारखेचं ३बी हे जीएसटी रिटर्न भरायचं बाकी, त्या म्हणाल्या, "मागच्या वेळेसारखं काढून परत जोडा ना भाऊजी, पटकन होईल." मी म्हटलं वहिनी पाच मिनिटं द्या, आणि एनएसलुकअप ऑफिस.लोकल मारलं, म्हणजे आमच्या डोमेनचा पत्ता डीएनएसला विचारला.

उत्तर आलं, सर्व्हर अननोन, ऍड्रेस एफई८०::१, आणि खाली, असा डोमेन अस्तित्वात नाही. तो एफई८० बघितला आणि सगळा उलगडा झाला. तो आमच्या सर्व्हरचा पत्ता नव्हता, तो नव्या राउटरचा आयपीव्ही६ पत्ता होता, म्हणजे नव्या पद्धतीचा, १९२.१६८ वाले ते जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४. जुना राउटर आयपीव्ही६ देत नव्हता, नवा देतो, आणि देताना सोबत "डीएनएससाठी मला विचारा" असं आयपीव्ही६ वरूनही सगळ्या पीसींना सांगतो. आपण हाताने टाकलेला डीएनएस हा आयपीव्ही४ च्या खिडकीतला असतो, आयपीव्ही६ ची खिडकी ऑटोमॅटिकवर तशीच राहिलेली असते, आणि दोन्हीकडे डीएनएस असले की विंडोज बरेचदा आयपीव्ही६ वाल्याला आधी विचारतो. आयपीकॉन्फिगच्या यादीत तो एफई८० वाला पत्ता होता, डीएनएस सर्व्हर्सच्या ओळीत सगळ्यात वर, मीच घाईत खालचा ओळखीचा आकडा बघून पुढे गेलो होतो. ही ओळ नेहमी पूर्ण वाचा, एकाखाली एक दोन-तीन पत्ते असतात आणि त्यातला एकच आपला असून चालत नाही.

इलाज राउटरवर करायचा, पीसीवर नाही. राउटरच्या लॅन (म्हणजे घरातलं नेटवर्क) सेटिंगमध्ये आयपीव्ही६ चा भाग असतो, तिथे राउटर ऍडव्हर्टाइजमेंटमधून, म्हणजे राउटर सगळ्यांना आपणहून जी आयपीव्ही६ ची सूचना देतो तिच्यातून, डीएनएस देणं बंद करता येत असेल तर तेवढंच बंद करा, नाहीतर लॅनवरचं आयपीव्ही६ बंद करा. लोक फक्त डीएचसीपी, म्हणजे पीसींना पत्ते वाटणारी सोय, बंद करून मोकळे होतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही, तर डीएचसीपी आणि ही राउटर ऍडव्हर्टाइजमेंट दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक बंद केली तरी दुसरी चालूच राहते. कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये हा ऑप्शन ग्राहकाला दिसतच नाही. मग एक तर त्यांच्या राउटरमागे आपला स्वतःचा राउटर लावून सगळे पीसी त्याच्यावर घ्यायचे, जे मला सगळ्यात स्वच्छ वाटतं, किंवा प्रत्येक पीसीवर नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीमध्ये आयपीव्ही६ ची टिक काढायची. टिक काढणं मायक्रोसॉफ्टला पसंत नाही, ते म्हणतात आयपीव्ही६ बंद करू नका, आयपीव्ही४ ला प्राधान्य द्या. पण प्राधान्य बदलल्याने चुकीचा डीएनएस यादीतून जात नाही, म्हणून दुसरा मार्ग नसेल तर चार पीसींच्या घरात मी टिक काढतो.

आमच्या राउटरमध्ये ऑप्शन होता. तो बंद केला, चारही पीसीवर आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस मारून (ती डीएनएसची लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं पुसते) रिस्टार्ट केला, मग एनएलटेस्ट स्लॅश डीएसगेटडीसी कोलन ऑफिस.लोकल. ही कमांड पीसीला सरळ विचारते की तुला डोमेन कंट्रोलर सापडतोय का, आणि सापडला तर त्याचं नाव आणि पत्ता छापते. छापला. एकही पीसी डोमेनमधून काढावा लागला नाही, सव्वाअकराला ती मुलगी खिडकीजवळ कामाला लागली.

पिंग जातो मग डोमेन का नाही, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, त्याचं उत्तर यातच आहे. पिंग करताना आपण पत्ता स्वतः देतो, पीसीला शोधावा लागत नाही. आणि सर्व्हरच्या नुसत्या नावाने पिंग गेला तरी काही सिद्ध होत नाही, कारण छोट्या नेटवर्कवर विंडोज डीएनएस सोडून आजूबाजूला हाक मारूनही नाव शोधतो. डोमेनसाठी मात्र एसआरव्ही नोंदच लागते.

याच घराण्यातले आणखी काही बिघाड आहेत. राउटर आणि सर्व्हर दोघंही डीएचसीपी देत असतील तर जो आधी उत्तर देईल त्याचे आकडे पीसी घेतो, म्हणजे सकाळी कोण जिंकलं यावर डोमेन ठरतं, तेव्हा एकच ठेवा, सर्व्हरवरचा ठेवा. सर्व्हरचा स्वतःचा पत्ता फिक्स हवा, राउटरकडून मिळणारा नको, आणि सर्व्हरच्या डीएनएसच्या जागी राउटर नव्हे तर तो स्वतः हवा, नाहीतर तो आपल्या नोंदी स्वतःकडेच करत नाही. सर्व्हरला केबल लावलीये आणि "असू दे" म्हणून वायफायही चालू ठेवलंय असं असेल तर वायफाय बंद करा, तो डीएनएसमध्ये दोन्ही पत्ते नोंदवतो आणि पीसीला कधी हा मिळतो कधी तो. आणि पीसी गेस्ट वायफायवर असेल तर इंटरनेट मस्त चालतं पण घरातलं दुसरं काहीच दिसत नाही, गेस्टचा अर्थच तो.

लाईटचं वेगळं सांगायला हवं कारण आपल्याकडे ते रोजचं आहे. लाईट गेली, आली, सगळं एकदम चालू झालं. एसएसडीवाला पीसी वीस सेकंदात तयार, राउटर दीड-दोन मिनिटात, आणि सर्व्हर चार-पाच मिनिटं घेतो. पीसी तयार होतो तेव्हा डोमेन घरात नसतोच, मग तो जपलेल्या लॉगिनवर आत घेतो, ड्राइव्हवर लाल फुली, आणि नेटवर्क "पब्लिक" दाखवतो, त्यामुळे फायरवॉलही कडक होते. लोक ते पब्लिक बघून फायरवॉल बंद करायला जातात. कृपा करून करू नका, पब्लिक दिसणं हे कारण नाही, परिणाम आहे, डोमेन कंट्रोलर सापडला की ते आपोआप डोमेन होतं. पाच मिनिटांनी पीसी रिस्टार्ट करा, शटडाउन करून चालू नव्हे तर रिस्टार्टच, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही. सर्व्हर आणि राउटर दोन्ही एका छोट्या यूपीएसवर घेतले तर हा त्रासच निम्मा होतो. स्वतः सर्व्हरही कधीकधी लाईट आल्यावर आपलं नेटवर्क पब्लिक धरून बसतो, तेव्हा मात्र त्याचं नेटवर्क कार्ड एकदा डिसेबल करून इनेबल करावं लागतं.

आता घड्याळ. ऍक्टिव्ह डिरेक्टरीत ओळख पटवायला कर्बेरॉस नावाची पद्धत वापरतात, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेली, त्यात प्रत्येक पासवर वेळेचा शिक्का असतो, कोणी जुना पास चोरून वापरू नये म्हणून. त्यामुळे पीसी आणि सर्व्हरच्या घड्याळात डिफॉल्ट ५ मिनिटांपर्यंतच फरक चालतो. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा सेल संपला, तो चपटा सीआर२०३२, की लाईट गेल्यावर तारीख थेट जुन्या कुठल्यातरी वर्षात जाते. तारीख चुकली की ब्राउझरमध्ये वेबसाइटही सर्टिफिकेटची तक्रार करतात, ती खूण लक्षात ठेवा, सेल बदला, दोन मिनिटांचं काम आहे. जास्त फसवणारा प्रकार टाइम झोनचा. विंडोज टाकताना झोन अमेरिकेचा राहिला, घड्याळ चुकलेलं दिसलं म्हणून कोणीतरी हाताने वेळ बरोबर केली. आता स्क्रीनवर साडेदहा आणि भिंतीवरही साडेदहा, पण आतून पीसी बारा-तेरा तास चुकलेला, कारण हिशोब होतो तो यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. वेळ बघाल तर बरोबर दिसेल, झोन बघा. सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर ज्या पीसीवर तो चालतो त्याचं घड्याळही बघा, कारण सर्व्हरचं घड्याळ भरकटलं तर बाकी सगळे पीसी त्याच्यामागे जातात. वेळ कुठून येतेय हे डब्ल्यू३२टीएम स्लॅश क्वेरी स्लॅश सोर्स सांगतं.

तिसरा भाग पासवर्डचा, म्हणजे तो प्रसिद्ध मेसेज की या वर्कस्टेशनचं डोमेनशी असलेलं ट्रस्ट रिलेशनशिप फेल झालंय. वरच्या दोन्ही बिघाडांत पीसीला सर्व्हर भेटतच नाही, किंवा भेटून वेळ जुळत नाही. इथे सर्व्हर भेटलाय, पण तो म्हणतो तू सांगतोयस तो पासवर्ड माझ्या वहीत नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम लॉगमध्ये नेटलॉगॉनच्या (डोमेनशी ओळख पटवणाऱ्या विंडोजच्या सेवेच्या) नोंदी बघा, ५७१९ नंबर असेल तर कंट्रोलर सापडला नाही, म्हणजे डीएनएस नाहीतर नेटवर्क बघा, ३२१० असेल तर कंट्रोलर सापडला पण ओळख पटली नाही. हे दोन आकडे वेगळे ओळखता आले तर तुमचे अनेक तास वाचतील.

हा पासवर्ड पीसी स्वतः डिफॉल्ट दर ३० दिवसांनी बदलतो. यावरून एक पक्का गैरसमज पसरलाय की पीसी दोन महिने बंद राहिला की डोमेन सुटतो. नाही सुटत. बदलण्याचं काम पीसीचं आहे, सर्व्हर तो पासवर्ड एक्स्पायर करत नाही, वर्षभराने पीसी चालू केला तरी तो जुन्याच पासवर्डने ओळख देतो, सर्व्हर मान्य करतो आणि मग पीसी नवा बनवतो. नातं तुटतं ते एक बाजू मागे गेल्यावर. म्हणजे व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवर, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या स्थितीवर, नेलं, किंवा हार्ड डिस्कची तीन महिन्यांपूर्वीची इमेज परत टाकली, पीसीकडे जुना पासवर्ड आला आणि सर्व्हरकडे नवा आहे. दुसरं कारण नाव. एका पीसीची डिस्क क्लोन करून दुसऱ्यात लावली, दोघांचं नाव एकच, दुसरा डोमेनला जोडला की तेच खातं त्याच्या पासवर्डने भरतं आणि पहिला बाहेर. घरी डिस्क क्लोन करणारे खूप असतात म्हणून आणखी एक सांगतो, विंडोज ११ च्या २४एच२ वर २०२५ च्या ऑगस्टअखेरपासूनच्या अपडेटनंतर सारखा एसआयडी, म्हणजे विंडोजचा आतला ओळख क्रमांक, असलेले दोन पीसी एकमेकांकडे लॉगिनच करू देत नाहीत, तेव्हा क्लोन करायचाच असेल तर आधी सिसप्रेप, म्हणजे हा क्रमांक नवा करायला लावणारं विंडोजचंच साधन, चालवा.

दुरुस्तीला पीसी डोमेनमधून काढावा लागत नाही. लोकल ऍडमिनने लॉगिन करा, युजरनेमच्या आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ दिली की विंडोजला कळतं लोकल युजर हवाय. लोकल ऍडमिनचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही ही सगळ्यात कॉमन अडचण, तेव्हा एक युक्ती, नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा आणि त्या पीसीवर नेहमी बसणाऱ्या, पण ऍडमिन हक्क असलेल्या डोमेन युजरने लॉगिन करा, सर्व्हर नाही म्हणायला समोर नसल्याने जपलेल्या पडताळ्यावर आत जाता येतं. आत गेल्यावर केबल लावा, पॉवरशेल ऍडमिन म्हणून उघडा आणि टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल मारा. ट्रू आलं तर नातं ठीक आहे, परत डीएनएसकडे जा. फॉल्स आलं तर तीच कमांड पुढे डॅश रिपेअर आणि डॅश क्रेडेन्शियल लावून, विचारल्यावर डोमेन ऍडमिनचा युजर-पासवर्ड द्या. पाच-दहा सेकंदात ट्रू येतं, नवा पासवर्ड दोन्हीकडे बसलेला असतो. फक्त सर्व्हर सापडत नसताना ही कमांड मारली तरी फॉल्सच येतं, म्हणून एनएलटेस्ट आधी.

काढा-जोडा करू नका असं मी इतकं का म्हणतो, तर विंडोजमध्ये ऍडमिनिस्ट्रेटर नावाचं लोकल खातं डिफॉल्ट बंद असतं. पीसी वर्कग्रुपमध्ये गेला, रिस्टार्ट झाला, आणि आत जायला चालू असलेलं एकही लोकल खातं नाही किंवा त्याचा पासवर्ड माहीत नाही, म्हणजे घराची किल्ली आत ठेवून लॅच लावल्यासारखं. ऐन रिटर्नच्या दिवसात एका ओळखीच्यांकडे हे झालेलं बघितलंय, संध्याकाळपर्यंत तो पीसी उघडला नाही. परत जोडतानाही २०२२ च्या ऑक्टोबरमधल्या सिक्युरिटी अपडेटपासून अडचण येऊ शकते, त्याच नावाचं खातं आधीच आहे म्हणून जोडू देत नाही असा मेसेज येतो, तेव्हा ज्या युजरने पहिल्यांदा जोडला होता त्यानेच जोडा.

कंपनीचा लॅपटॉप घरी आणलेल्यांचं थोडं वेगळं असतं. तिथे डोमेन व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणाऱ्या खासगी वाटेच्या, पलीकडे असतो आणि घरचा राउटर बदलून काही उपयोग नाही. फक्त दोन गोष्टी बघा. घरचं नेटवर्क १९२.१६८.१ वर आणि कंपनीचंही त्याच आकड्यांवर असेल तर व्हीपीएन जोडलेला दिसतो पण सर्व्हर सापडत नाही, कारण लॅपटॉपला वाटतं सर्व्हर घरातच आहे, घरच्या राउटरवर वेगळी रेंज घ्या, १९२.१६८.५० वगैरे. आणि पासवर्ड बदलला असेल, डोमेनचा डिफॉल्ट ४२ दिवसांचा असतो, तर लॅपटॉपला नवा पासवर्ड सर्व्हरची गाठ पडेपर्यंत माहीत नसतो, जुन्याने लॉगिन करा, व्हीपीएन जोडा, लॅपटॉप लॉक करा आणि नव्या पासवर्डने उघडा. गावी जायच्या आधी ऑफिसातच बदलून घेतलात तर हे करावंच लागत नाही.

एकच गोष्ट अशी आहे जिथे यातलं काहीच चालत नाही, ती म्हणजे सर्व्हरची डिस्क गेली आणि कोणीतरी सर्व्हर नव्याने टाकून डोमेनला तेच नाव दिलं. नाव ऑफिस.लोकल असलं तरी आतला ओळख क्रमांक नवा असतो, पीसींच्या दृष्टीने हा परका डोमेन. रिपेअर होत नाही, सगळे पीसी नव्याने जोडावे लागतात, आणि त्याच नावाचे युजर बनवले तरी प्रत्येकाला कोरा डेस्कटॉप दिसतो कारण जुनं प्रोफाइल जुन्या क्रमांकाला बांधलेलं असतं. फाईली डिस्कवर असतात, युजर्सच्या फोल्डरमध्ये, पण आउटलूकपासून सेव्ह केलेल्या पासवर्डपर्यंत सगळं परत बसवायचं. म्हणून नुसता फाईलींचा बॅकअप पुरत नाही, विंडोज सर्व्हर बॅकअपमध्ये सिस्टिम स्टेटची टिक लावावी लागते, ऍक्टिव्ह डिरेक्टरी त्यात येते. आमच्याकडे तो रोज रात्री दहाला बाहेरच्या डिस्कवर जातो, अशा दोन डिस्क आहेत, आणि शनिवारी ऑफिस बंद करताना वहिनी एक काढून दुसरी लावतात, काढलेली वर कपाटात जाते. त्याच कपाटात एका बंद पाकिटात चारही पीसींच्या लोकल ऍडमिनचे पासवर्ड लिहून ठेवलेत, सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून सर्व्हरचा आणि राउटरचा पत्ता चिकटवलाय, आणि त्याखाली वहिनींनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवलीये, राउटरवाला आला तर भाऊजींना फोन.